वाचकांचे प्रश्न : लहान चणीच्या मुलांसाठी हरणाच्या शिकारीची पहिली रायफल

अमेरिकेत हरणांचा सीझन जवळ आला की या सदराकडे एकाच विषयावरची पत्रं यायला लागतात, आणि यंदा त्यातली बरीचशी आईबाबांची आहेत, ज्यांची मुलं इथेच जन्मली, इथल्या मित्रांबरोबर रानात फिरली आणि आता म्हणतायत की आम्हालाही जायचंय. म्हणून या वेळी सगळी पत्रं याच विषयावरची घेतलीत. भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवतो, तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार बंद आहे, त्यामुळे खालचं सगळं फक्त अमेरिकेबद्दल आहे.

प्रश्न : आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, मी आणि मिसेस दोघंही सिटिझन आहोत. मुलगी बारा वर्षांची झालीये, चण अगदी लहान, उंची ४ फूट ८ इंच, वजन ८० पौंडांच्या आत. शेजारच्या कुटुंबाबरोबर रानात जाऊन जाऊन तिला शिकारीचं फार मनावर घेतलंय, हंटर एज्युकेशनचा कोर्स आम्ही दोघांनी बरोबरच केला. आता रायफल. एक मित्र म्हणतो माझी जुनी .३०-०६ घे, आयुष्यभर पुरेल, अजून दोन-तीन वर्षांत ती वाढेलच की. दुकानदार म्हणाला मुलगी आहे तर एकदम हलकी रायफल घ्या, तिला झेपेल. मला स्वतःला यातलं फार कळत नाही. काय घेऊ?

उत्तर : दोघांनीही मनापासूनच सांगितलंय, पण दोघांचंही ऐकू नका.

आधी मित्राचं बघू. आपल्याकडे शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घ्यायची पद्धत आहे, दोन वर्षं बाह्या दुमडून घालायच्या. रायफलीत हे चालत नाही. मोठ्या माणसाच्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर, ज्याला इथे लेंग्थ ऑफ पुल म्हणतात, ते साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. तुमच्या मुलीच्या उंचीला बारा ते साडेबारा इंच हवं. एक-दीड इंचानं काय होतंय असं वाटेल, पण जास्त लांब दस्ता लावलेल्या मुलीला बाजूनं बघा एकदा : चापापर्यंत बोट पोचावं म्हणून ती उजवा खांदा मागे टाकते, कंबरेतून मागे वाकते, डावा हात पूर्ण ताणलेला, आणि दस्ता खांद्याच्या खळगीत बसायच्या ऐवजी दंडावर किंवा काखेत येतो. अशा अवस्थेत बार काढला की धक्का खांद्यावर न पसरता एका हाडावर बसतो, आणि मागे वाकलेलं शरीर तो धक्का घेऊच शकत नाही. मग सगळे म्हणतात कॅलिबर (गोळीची जाडी) जड पडलं. खरं तर निम्मा दोष दस्त्याचा असतो.

मोजायची पद्धत सोपी आहे. रायफल रिकामी आहे हे तुम्ही बघा, मग तिलाही स्वतः बघू द्या, बोल्ट (मागचा सरकता दांडा) उघडून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून. मग तिचं कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं, आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात येतंय का ते बघायचं. यानं अंदाज येतो, पण खरी परीक्षा खांद्याला लावल्यावर. तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा, गाल दस्त्यावर टेकवू दे, मग डोळे उघड म्हणावं. मान न हलवता स्कोपमधून (रायफलीवरच्या दुर्बिणीतून) पूर्ण गोल चित्र दिसलं तर रायफल तिची. मान उचलायला लागली तर दस्त्याची वरची कड तिच्या गालाला खाली पडतेय, ते चिकटवायच्या पॅडनं उंच करता येतं. आणि हे सगळं थंडीचं जॅकेट घालून करा बरं का. तुमच्याकडे रायफलीचा सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, त्या थंडीत जाड जॅकेट अंगात असणारच आणि त्याची जाडी दस्त्याच्या लांबीत धरावी लागते. दुकानात टीशर्टवर बरोबर बसलेली रायफल रानात लांब पडते.

आता दुकानदाराचं. हलकी रायफल म्हणजे मुलांची रायफल, हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण यात मुलांचं नुकसान होतं आणि सांगणाऱ्याला ते कधी कळतही नाही. काडतूस तेच असेल तर रायफल जितकी हलकी तितका धक्का जास्त. आठ पौंडांच्या रायफलीत १५ फूट-पाउंड (हे धक्का मोजायचं माप) धक्का बसत असेल तर तेच काडतूस सहा पौंडांच्या रायफलीत २० देणार. खांद्यावर घेऊन चालायला हलकी रायफल छान, पण बाराव्या वर्षी ती किती मैल चालणार आहे? बहुतेक वेळ ती तुमच्या शेजारी ब्लाइंडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) बसलेली असेल, पुढे रायफल टेकवायला रेस्ट असेल. तेव्हा स्कोप धरून साडेसहा-सात पौंड वजन चालेल, फक्त ते वजन पुढे नळीकडे कललेलं नको, नाहीतर उभ्यानं नेम धरताना तिचा डावा हात दोन मिनिटांत थरथरायला लागतो.

काडतुसांचं आता. रायफल तिच्यात बसणाऱ्या काडतुसाच्या नावानंच ओळखली जाते. साधारण साडेसात पौंडांच्या रायफलीत धक्क्याचे आकडे अंदाजे असे पडतात : .२४३ विंचेस्टर ९ फूट-पाउंडांच्या आसपास, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ रेमिंग्टन १२-१३, .३०८ विंचेस्टर १६-१७, आणि मित्राची .३०-०६ जवळपास २०. म्हणजे .३०-०६ चा धक्का .२४३ च्या दुपटीपेक्षा जास्त. ८० पौंडांच्या मुलीला. माझं मत स्पष्ट आहे, .२४३ घ्या. हे १९५५ चं काडतूस, .३०८ चंच पितळी कवच पुढून आवळून केलेलं, आणि तेव्हापासून लाखो मुलांनी याच्यावर पहिलं हरीण मारलंय, गोळ्या जवळपास कुठल्याही दुकानात मिळतात. ७ एमएम-०८ जास्त जड गोळी टाकतं, त्यात थोडी चूक पोटात घालायची ताकद आहे, आणि मुलगी चौदा-पंधराची असती, ११० पौंडांची असती तर मी तेच सांगितलं असतं. ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी आलं, चांगलंच आहे, हरणाला पुरून उरतं. पण आज तुमच्या मुलीला या दोन्हींपेक्षा .२४३ जास्त वेळा झाडावंसं वाटेल, आणि जी रायफल मूल आनंदानं परत परत हातात घेतं तिच्यावरच त्याचा नेम तयार होतो.

.२४३ बद्दल लोक एक तक्रार करतात की हरीण जखमी होऊन पळतं. यात तथ्य आहे, पण बऱ्याचदा ते गोळीच्या निवडीवर येतं. .२४३ मध्ये ५५-५८ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हलक्या गोळ्याही येतात, त्या कोयोटीसाठी वगैरे आहेत, हरणाच्या खांद्याच्या हाडावर आपटल्या की वरच्यावर फुटतात आणि आत जातच नाहीत. हरणासाठी ९५-१०० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) किंवा बाँडेड (आतलं शिसं बाहेरच्या आवरणाला घट्ट जोडलेली) घ्या, नाहीतर ८०-८५ ग्रेनची पूर्ण तांब्याची. मी स्वतः मुलांच्या रायफलीला तांब्याचीच सुचवतो, त्याला एक वेगळं कारणही आहे. शिशाची गोळी हरणात फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात, दाताखाली लागतही नाहीत इतके बारीक. २००८ मध्ये नॉर्थ डकोटाच्या आरोग्य विभागानं गरोदर बायकांना आणि सहा वर्षांखालच्या मुलांना शिशाच्या गोळीनं मारलेल्या प्राण्याचं मांस देऊ नका असा सल्ला दिला होता. मुलगी स्वतः मारलेलं हरीण घरी आणणार, धाकटी भावंडं खाणार, तर तांबं वापरलेलं बरं.

कुठली रायफल, तर बोल्ट अॅक्शन, म्हणजे प्रत्येक बारानंतर बोल्ट हातानं मागेपुढे करायची. तुमच्या राज्यात हरणासाठी सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालतच नाही, आणि चालत असती तरी पहिली म्हणून मी दिली नसती. बोल्ट उघडा असला की लांबूनही दिसतं की ही बंदूक आत्ता उडू शकत नाही, शिकवणाऱ्याला याच्यासारखी दुसरी सोय नाही. रूगर अमेरिकन कॉम्पॅक्टचा दस्ता साडेबारा इंचाचा आणि नळी १८ इंचाची आहे. मॉसबर्ग पेट्रियटची सुपर बँटम येते तिच्यात मागे स्पेसर असतो, बारा इंचावरून सुरू करायचं आणि मूल वाढलं की स्पेसर घालून तेरा इंच करायचं. टिका टी३एक्स कॉम्पॅक्टलाही स्पेसर आहे, बोल्ट लोण्यासारखा फिरतो, छोट्या हाताला ते फार जाणवतं. सॅव्हेजच्याही छोट्या दस्त्याच्या आहेत, आणि त्यांचा चाप घरच्या घरी हलका-जड करता येतो. चाप मात्र नक्की तपासा. काही स्वस्त रायफलींचा चाप सहा-सात पौंडांचा असतो, लहान बोटाला तो ओढताना सगळा हात वळतो आणि नेम जातो. तीन-साडेतीन पौंड ठीक. सेफ्टी (चाप अडवणारी कळ) चालू ठेवून बोल्ट उघडता येतो का तेही बघा, काही रायफलींत येतो काहींत नाही, मुलांसाठी तसा उघडता येणारी घ्या म्हणजे काडतूस काढताना सेफ्टी चालूच राहते.

मित्राला सांगा की .३०-०६ जपून ठेव, ती अठराची झाली की देऊ. दस्ता कापून वगैरे घेऊ नका, जड नळी आणि आखूड दस्ता म्हणजे सगळं वजन पुढे येतं, आणि धक्का आहे तेवढाच राहतो.

प्रश्न : मुलाला (वय १३) त्याच्या मामानं रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) .३०८ झाडायला दिली, तीन-चार बार काढले, खांदा काळानिळा झाला. आता तो .२२ (अगदी कमी धक्क्याची छोटी रायफल) हातात घेतली तरी चाप ओढताना डोळे मिटतो आणि रायफल खाली ढकलतो. मामा म्हणतो सवयीनं जाईल. जाईल का?

उत्तर : अशीच चालू ठेवली तर जाणार नाही, उलट पक्की होईल. याला इथे फ्लिंच म्हणतात, धक्का बसायच्या आधीच शरीर स्वतःला वाचवायला लागतं, आणि मुलाला बिचाऱ्याला आपण ते करतोय हे माहीतही नसतं, त्याला वाटतं रायफलच खराब आहे. त्याच्यावर ओरडू नका, "घाबरतोस काय" असं तर अजिबात म्हणू नका.

आधी मोठी रायफल पूर्ण बंद. काही आठवडे फक्त .२२, तीही जवळच्या टार्गेटवर, जिथे लागल्यावर टण्णकन आवाज येतो किंवा डबा उडतो असं काहीतरी, म्हणजे लक्ष खांद्याकडून तिकडे जातं. कानाला डबल संरक्षण द्या, आत फोमचे प्लग आणि वरून मफ. निम्मी भीती आवाजाची असते हे मोठ्या माणसांच्या लक्षातच येत नाही. मोठ्या रायफलीचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, एका बारानंही कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि मुलांचे कान परत मिळत नाहीत.

मग डमी (दारू नसलेल्या) काडतुसांचा खेळ सुरू करा. तुम्ही रायफल भरायची, कधी खरं काडतूस तर कधी डमी, त्याला कळू द्यायचं नाही. डमीवर चाप ओढला की क्लिक होतं आणि नळीचं टोक बुडकन खाली जातं, ते त्याला स्वतःला दिसतं. पहिल्यांदा दिसल्यावर मुलं हसतात. मग मुद्दाम डमीच जास्त भरा, नळी स्थिर राहीपर्यंत. हे कुणी समजावून सांगण्यापेक्षा दहापट लवकर लागू पडतं. पुढे .२४३ ला जाताना कमी धक्क्याची फॅक्टरी काडतुसं मिळतात का बघा, उदाहरणार्थ हॉर्नडीची कस्टम लाइट, यांच्यात दारू कमी आणि गोळी हरणाला पुरेशी असते. फक्त स्कोपचा झिरो (नेम आणि गोळी एकाच जागी पडेल अशी जुळणी) पुन्हा लावावा लागतो, कारण गोळी वेगळ्या जागी पडते. आणि बेंचवर (टेबलावर रायफल टेकवून) बसून झाडताना धक्का जास्त जाणवतो कारण शरीर मागे हलत नाही, त्यामुळे झिरो लावायचं काम तुम्ही करा, मुलानं उभ्यानं किंवा गुडघ्यावर बसून झाडावं.

एका दिवशी मोठ्या रायफलीचे पाच-सहा बार पुष्कळ झाले. शेवटचे बार कायम .२२ चे काढा म्हणजे घरी जाताना मजा आली एवढंच लक्षात राहतं.

प्रश्न : नळीच्या टोकाला मझल ब्रेक लावला तर धक्का कमी होतो ना? मग .३०८ ला ब्रेक लावून देऊ का?

उत्तर : धक्का खरंच बराच कमी होतो. पण ब्रेक गॅस बाजूला आणि मागे फेकतो, म्हणजे आवाज झाडणाऱ्याच्या आणि शेजारी बसलेल्याच्या कानावर येतो, आणि रानात हरीण दिसलं की उत्साहात मुलं मफ काढून ठेवतात. ब्रेकवाली रायफल उघड्या कानानं झाडणं मला मंजूर नाही, मुलाच्याही नाही आणि तुमच्याही. छोटं काडतूस घ्या. मागे चांगला मऊ रबरी पॅड लावा, त्यानं जाणवण्यात पुष्कळ फरक पडतो. राज्यात कायदेशीर असेल आणि बजेट असेल तर सप्रेसर हा सगळ्यात उत्तम उपाय, धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो, पण त्यानं नळी लांब आणि पुढून जड होते हे लक्षात ठेवा, १६-१८ इंचाच्या नळीवरच लावा.

प्रश्न : मुलगी सगळं उजव्या हातानं करते पण नेम धरताना डावा डोळा लावते, मान वाकडी करून. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितलंय कुणीतरी.

उत्तर : तिचा डावा डोळा प्रबळ आहे. खात्री करून घ्या : दोन्ही हात लांब करून तळव्यांची छोटी खिडकी करायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची, मग हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. खिडकी ज्या डोळ्यावर येऊन थांबते तो डोळा प्रबळ. मुलगी अजून शिकतेच आहे तर सरळ डाव्या खांद्यावरून शिकवा आणि डाव्या हाताचा बोल्ट असलेली रायफल घ्या. पहिला आठवडा अवघड जाईल, मग तिला आठवणारही नाही. स्कोपवर एक डोळा मिटून काम भागतं हे खरं, त्यामुळे उजवीकडून चालवणारे बरेच आहेत. पण पुढे शॉटगन हातात घेऊन उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा झाला की तेव्हा फार त्रास होतो.

प्रश्न : आम्ही ओहायोत आहोत. .२४३ घ्यायची ठरवली होती, तर एकजण म्हणाला इथे चालत नाही. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, बरं झालं विचारलंत. ओहायोत हरणासाठी बाटलीसारखी मान असलेली काडतुसं चालत नाहीत, सरळ भिंतीची लागतात, .३५७ ते .५० कॅलिबरमधली, २०१४ पासून ती मुभा आहे. लहान चणीसाठी त्यातलं .३५० लेजंड घ्या, नावात .३५० असलं तरी त्याची गोळी .३५७ मध्येच धरतात. विंचेस्टरनं २०१९ मध्ये आणलं, धक्का साधारण .२४३ एवढाच आणि दीडशे यार्डांपर्यंत हरणाला पुरेसं. .४५० बुशमास्टरच्या नादी लागू नका, ते मोठ्या माणसाचा खांदा हलवतं.

बाकी राज्यांतल्या वाचकांनीही दुकानात जायच्या आधी आपल्या राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याचं चालू वर्षाचं नियमपुस्तक उघडावं. कोलोराडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर लागतं आणि गोळी किमान ७० ग्रेनची, म्हणजे .२२३ तिथे बाद, आणि कितीतरी राज्यांत तेच .२२३ कायदेशीर आहे. कायदेशीर आहे म्हणून घ्यावं असं मात्र नाही, .२२३ नं हरीण मारायला गोळीची निवड आणि नेम दोन्ही अनुभवी माणसाचे लागतात.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे, बायको-मुलं एच-४ वर. मुलाला शाळेतल्या मित्राच्या घरच्यांनी शिकारीला बोलावलंय आणि त्याच्यासाठी मी रायफल घ्यावी म्हणतोय. घेऊ शकतो का?

उत्तर : थांबा, आणि हे उत्तर नीट वाचा, कारण इथली चूक रायफलीपेक्षा खूप महाग पडू शकते. नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला फेडरल कायद्यानं बंदी आहे. बाळगणं म्हणजे विकत घेणंच असं नाही, मित्राची रायफल रेंजवर हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. या बंदीला अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्यानं दिलेलं वैध हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असणं. म्हणजे क्रम असा : आधी हंटर एज्युकेशन, मग हंटिंग लायसन्स, आणि मगच बंदुकीला हात. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, त्यानंतरही घरात रायफल असेल तर तुम्ही अडचणीत. मुलालाही हाच नियम, त्याचं लायसन्स त्याच्या नावावर हवं. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी लागू नाही.

तुमच्या जागी मी असतो तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारल्याशिवाय पुढे गेलो नसतो. मुलाला पहिल्या सीझनला नुसतं बरोबर जाऊ द्या, बंदूक न घेता, केशरी जॅकेट घालून. त्यातही खूप शिकायला मिळतं, वारा कुठून येतोय, हरीण कान कसे फिरवतं, किती वेळ न हलता बसता येतं.

ज्यांना ही अडचण नाही त्यांच्यासाठीही एक गोष्ट. लायसन्सधारक दुकानदार १८ वर्षांखालच्या मुलाला रायफल विकू शकत नाही, रायफल आईबाबांनी स्वतःच्या नावावर घ्यायची आणि मुलाला वापरायला द्यायची. घरी ती कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलाला माहीत नसलेल्या जागी. मुलगा कितीही शहाणा असू दे, त्याचे मित्रही घरी येतात.

प्रश्न : आजोबांना (माझे सासरे, इथे चाळीस वर्षं आहेत) नातवाला त्यांची .३०-३० लिव्हर अॅक्शन (चापाखालचा दांडा फिरवून काडतूस भरायची) रायफल द्यायची फार इच्छा आहे. वय ११, हडकुळा. मन मोडवत नाही.

उत्तर : मन मोडायची गरज नाही. .३०-३० काडतूस १८९५ पासून हरणं मारतंय, धक्का .२४३ पेक्षा थोडाच जास्त, शंभर-सव्वाशे यार्डांच्या झाडीत अजूनही उत्तम. दोन गोष्टी बघा. एक म्हणजे दस्ता, जुन्या लिव्हर रायफलींचा दस्ता मुळातच जरा आखूड असतो पण मागे कडक लोखंडी किंवा प्लास्टिकची पट्टी असते, ती बोचते, वरून घालायचा रबरी पॅड मिळतो तो घाला, पण त्यानं लांबी वाढते, तेवढी मोजून घ्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, घोडा, म्हणजे काडतुसावर आपटून बार उडवणारा मागचा हातोडा. हरीण निघून गेलं आणि बार काढायचा नसला की भरलेल्या चेंबरवर घोडा अंगठ्यानं धरून, चाप ओढून, हळू खाली सोडावा लागतो. थंडीत गारठलेल्या, छोट्या अंगठ्याखालून तो सटकला तर बार उडतो. म्हणून नातवानं चेंबर रिकामं ठेवूनच बसायचं, हरीण समोर आल्यावर आणि आजोबांनी हो म्हटल्यावरच लिव्हर फिरवायचा, आणि घोडा उतरवायचं काम फक्त आजोबांचं, नळी सुरक्षित दिशेला करून. स्कोप बसवला असेल तर घोड्याला बाजूनं पकडायची एक छोटी दांडी मिळते, ती लावा. आजोबा शेजारी हाताच्या अंतरावर बसणार असतील तर ही रायफल त्याच्या नशिबानं मिळाली असं समजा.

प्रश्न : रायफल झाडताना स्कोप लागून मुलाच्या भुवईला खोक पडली, टाका घालावा लागला. स्कोप बदलू का?

उत्तर : स्कोप बहुतेक बरोबर असेल, जागा चुकली असेल. स्कोपपासून डोळा साडेतीन-चार इंच लांब हवा. दुकानात रायफल मोठ्या माणसाच्या मापानं लावून देतात, मूल मान पुढे काढून बघतं, आणि धक्क्यानं स्कोप भुवईवर येतो. रिंग सैल करून मुलाला जॅकेट घालून रायफल खांद्याला लावायला सांगा, आणि स्कोप पुढून हळूहळू मागे आणा, चित्र पूर्ण दिसायला लागलं की तिथेच थांबून आवळा. झूम सगळ्यात कमीवर ठेवा, ३-९ चा स्कोप असेल तर ३ वर. कमी झूमला डोळ्याची जागा थोडी पुढेमागे झाली तरी चालतं आणि हरीण पटकन सापडतं, मुलं ९ वर ठेवून नुसती झाडंच बघत बसतात. जखम भरल्यावर आधी .२२ वर काही दिवस, वर फ्लिंचबद्दल लिहिलंय तसं.

प्रश्न : किती अंतरावरून मारू द्यावं? मुलगा रेंजवर दोनशे यार्डांवरून बुलला (टार्गेटच्या मधोमध) लावतो.

उत्तर : बेंचवरून, वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून ना? मग ते धरू नका. हरणाच्या खांद्यामागची फुफ्फुस-हृदयाची जागा साधारण आठ इंचांची असते. सहा इंचांची कागदी प्लेट लावा, जॅकेट घालून, ज्या स्थितीत तो रानात बसणार आहे त्याच स्थितीतून, काठ्यांवर रायफल टेकवून पाच बार काढू द्या. जिथून पाचच्या पाच प्लेटमध्ये बसतात ते त्याचं अंतर, मग ते साठ यार्ड निघालं तरी साठच. पन्नास उठाबशा काढून, धाप लागलेली असताना परत एकदा करून बघा, कारण हरीण दिसल्यावर छातीत तसंच धडधडतं.

आणि कोन. पहिल्या वर्षी फक्त आडवं उभं असलेलं किंवा किंचित पलीकडे तोंड केलेलं हरीण. समोरून तोंड करून उभं असलेलं नाही, पळतं नाही, डोक्यावर तर कधीच नाही. घरी फोटो दाखवून सराव घ्या, "मारशील का?" विचारायचं आणि त्यानं हो किंवा नाही म्हणायचं, मागे काय आहे हेही त्यानंच सांगायचं, टेकडी आहे का आकाश. तो जितक्या वेळा बरोबर "नाही" म्हणतो तितकं कौतुक करा. बार काढल्यावर हरीण पळालं तर अर्धा तास जागचं हलायचं नाही, ते कुठे उभं होतं आणि कुठल्या झाडाजवळून दिसेनासं झालं ते त्याला तोंडानं सांगायला लावा, तुम्ही फोनवर लिहून घ्या, मग रक्ताचा माग काढायला बरोबर जा.